रिकामी रात्र विकता येत नाही: हॉटेल कसे घडत गेले आणि गोव्यात ते कसे चालते

दुकानात आज न खपलेला माल उद्या विकता येतो. हॉटेलची खोली आज रात्री रिकामी राहिली की ती रात्र कायमची गेली. दर रोज का बदलतात, सकाळी अकरा वाजता खोली का सोडायला सांगतात, हातात असलेल्या खोल्यांपेक्षा जास्त आरक्षणे का घेतली जातात, हे सगळे इथून निघते. माणसे जशी नव्या वाटेने, नव्या वाहनाने, कमी-जास्त पैशात फिरू लागली, तशी ती रात्र भरण्याची नवी रीत दर वेळी कोणीतरी काढली, आणि हॉटेलांचे प्रकार वाढत गेले. गोव्यात आज घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबेही या धंद्यात आहेत. मोठ्या हॉटेलांनी दोनशे वर्षांत ठेचा खात शिकलेल्या गोष्टी त्यांच्याही थेट उपयोगाच्या आहेत.

मुक्कामाची सोय हॉटेलांपेक्षा फार जुनी. व्यापारी मार्गांवर उंट-घोड्यांसह उतरायला सराया होत्या, आपल्याकडे तीर्थाच्या ठिकाणी धर्मशाळा होत्या. फोंडा तालुक्यातल्या मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवळांच्या अग्रशाळा याच परंपरेतल्या. त्यांचा हिशेब वेगळा असतो: खर्च देवस्थान आणि महाजन, म्हणजे देवळाशी वंशपरंपरेने जोडलेली कुटुंबे, उचलतात, उतरणारा यथाशक्ती किंवा ठरलेले थोडे पैसे देतो, आणि खोली वर्षातले बरेच दिवस रिकामी राहिली तरी चालते, कारण ती जत्रेसाठी बांधलेली असते. पैसे घेऊन उतरवणारी जगातली सर्वांत जुनी चालू जागा म्हणून गिनीज बुकात नोंद आहे ती जपानच्या यामानाशी भागातल्या निशियामा ऑन्सेन केइउनकानची. इ. स. ७०५ पासून ती गरम पाण्याच्या झऱ्यावर उभी आहे. तिथे पाणी जमिनीतूनच गरम येते, म्हणून माणसे येत राहिली.

आज आपण ज्याला हॉटेल म्हणतो त्याचा नमुना १८२९ मध्ये बॉस्टनला ट्रीमाँट हाउस उघडले तेव्हा दिसला. त्याआधीच्या खाणावळवजा मुक्कामात अनोळखी माणसासोबत खोली, कधी कधी अंथरूणही वाटून घ्यावे लागे. ट्रीमाँटमध्ये पाहुण्याला स्वतःची खोली, तिला कुलूप, हातात किल्ली आणि धुवायला साबण मिळाला. पाणी आणि शौचालये इमारतीच्या आत आली. पुढची पायरी लिफ्टची. १८५९ च्या न्यूयॉर्कमधल्या फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात प्रवासी लिफ्ट होती. तोपर्यंत जिने चढायचे म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोल्या स्वस्त असत. लिफ्ट आल्यावर हवा, उजेड आणि शांतता असलेला वरचा मजला महाग झाला. लंडनचे सॅव्हॉय १८८९ मध्ये विजेच्या दिव्यांसह उघडले. सेझार रिट्झ यांनी तिथे व्यवस्थापन केले आणि १८९८ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचे हॉटेल काढले. मुंबईचे ताज महाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. ही सगळी श्रीमंतांची हॉटेले.

सामान्य माणसाला खोलीत स्वतःचे न्हाणीघर मिळाले ते नळकामातल्या एका युक्तीमुळे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. १९०८ मध्ये एल्सवर्थ स्टॅटलर यांनी अमेरिकेतल्या बफलो शहरात दीड डॉलरला न्हाणीघरासह खोली देऊ केली. शेजारशेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरे त्यांनी पाठीला पाठ लावून बांधली आणि मधल्या पोकळीतून पाण्याचे, सांडपाण्याचे नळ आणि विजेच्या तारा वरपासून खालपर्यंत सरळ नेल्या. एका पोकळीवर प्रत्येक मजल्यावरची दोन न्हाणीघरे चालतात, नळ कमी लागतो, गळती कुठे आहे ते एकाच ठिकाणी सापडते. आजही बहुमजली हॉटेलात खोल्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या का असतात, याचे उत्तर या पोकळीत आहे.

गोव्यातली जुनी घरे पाहुण्यांसाठी तयार करताना इथेच पहिली चूक होते. प्रत्येक खोलीला जिथे कोपरा मिळाला तिथे न्हाणीघर बसवतात. मग संडासाचा ११० मिलिमीटरचा नळ जमिनीखालून आडवा दहा-बारा मीटर न्यावा लागतो. त्याला साधारण ४० फुटांना १ फूट एवढा उतार हवा. जुन्या घराच्या जोत्यात तो बसत नाही, उतार कमी पडतो आणि नळ वारंवार तुंबतो. उतार फार जास्त झाला तरी पाणी पुढे निघून जाते आणि घाण मागे राहते. म्हणून आधी शोषखड्डा कुठे येणार ते ठरवा, मग त्या बाजूच्या भिंतीला दोन-दोन न्हाणीघरे जोडा, आणि नळांच्या पोकळीला माणसाचा हात आणि पाना जाईल एवढे झाकण ठेवा. पोकळी सिमेंटने बंद केली की पहिल्या गळतीला नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

वाहन बदलले, हॉटेल बदलले

रेल्वेच्या काळात हॉटेले स्टेशनाजवळ झाली. मोटारी वाढल्या तशी गाडी थेट खोलीच्या दारात लावता येईल अशी जागा हवी झाली. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो इथे माइलस्टोन मो-टेल उघडले. मोटार आणि हॉटेल जोडून झालेले मोटेल हे नाव तिथून पसरले. पण रस्त्यावरची ही ठिकाणे कुठे चांगली, कुठे वाईट निघत. केमन्स विल्सन यांनी १९५२ मध्ये मेम्फिसला पहिले हॉलिडे इन काढले आणि सगळीकडे सारखी खोली, ठरलेला दर हे तत्त्व मोठे केले. प्रवाशाला आश्चर्य नको होते, खात्री हवी होती. आजच्या साखळी हॉटेलांचा पाया तोच. अशा अनेक हॉटेलांत इमारत एकाच्या मालकीची, नाव दुसऱ्याचे आणि कारभार तिसऱ्याचा असतो; तक्रार करताना नेमके कोणाशी बोलायचे हे कळत नाही ते त्यामुळेच.

जपानमध्ये शेवटची लोकल चुकलेल्या नोकरदारांसाठी १९७९ मध्ये ओसाकात कॅप्सूल हॉटेल आले. वास्तुरचना किशो कुरोकावा यांची. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तेवढीच उंच पेटी, न्हाणीघर सामाईक. त्या माणसाला झोप आणि आंघोळ एवढेच हवे असते, आणि तो तेवढ्याचेच पैसे देतो. स्वीडनच्या युकासयार्वी गावात तोर्न नदीचा बर्फ कापून दर हिवाळ्यात हॉटेल बांधतात. उन्हाळ्यात ते वितळून परत नदीला मिळते. पाहुणे शून्याखाली पाच अंशांच्या खोलीत रेनडियरच्या कातड्यावर झोपतात. त्या गावाला एरवी हिवाळ्यात पाहुणे नसत. अडचण वाटणारी थंडीच त्यांनी विकायला काढली. आपल्याकडे पावसाळ्याबद्दल कोणी इतक्या जिद्दीने विचार केला तर फार बरे होईल.

गोव्याला सर्वांत जवळचे वाटावेत असे दोन प्रकार दक्षिण युरोपातले आहेत. स्पेनने १९२८ पासून जुने किल्ले, मठ, वाडे यांत सरकारी पाराडोर सुरू केले आणि पोर्तुगालने १९४२ पासून पौसादा. इमारत जपायचा खर्च पाहुण्यांकडून निघावा हा हेतू. दुसरा प्रकार इटलीतला, आल्बेर्गो दिफ्फूसो, म्हणजे पसरलेले हॉटेल. १९७६ च्या भूकंपानंतर फ्रिउली भागातल्या ओस पडलेल्या गावांचे काय करायचे या विचारातून तो पुढे आला. गावातली पाच-सहा जुनी घरे दुरुस्त करायची, त्यांतल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, पण नोंदणीचे टेबल, नाश्ता आणि धुलाई एकाच ठिकाणी ठेवायची. नवी इमारत उभी राहत नाही, गाव रिकामे राहत नाही. कुलूप लागलेली, वारसांत अडकलेली, कौले ढासळत चाललेली किती घरे बार्देश-साष्टीत आणि आतल्या गावांत आहेत ते आपण सगळे पाहतो. मालकी हक्काचा गुंता सुटेल तिथे नव्या काँक्रीटच्या पेट्या बांधण्यापेक्षा ही रीत गोव्याला जास्त शोभेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोव्यात हॉटेले आली तीही कारणाकारणाने. पणजीचे हॉटेल मांडवी १९५२ मध्ये, सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्यांच्या सोयीसाठी उभे राहिले. मुक्तीनंतरच्या दशकात हणजूण, कळंगुटच्या घरांत परदेशी तरुण भाड्याने राहू लागले. मासेमारी आणि माडांवर जगणाऱ्या कुटुंबांनी आपल्या खोल्या दिल्या, आणि आजच्या होमस्टेचे मूळ तिथे आहे. १९७४ मध्ये शिकेरीला, आग्वादच्या जुन्या तटबंदीला लागून ताजचे बीच रिसॉर्ट झाले. रिसॉर्टमध्ये पाहुण्याने आवाराबाहेर न जाता जेवावे, पोहावे, खेळावे अशी योजना असते. १९५० मध्ये क्लब मेड या फ्रेंच कंपनीने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबूंपासून हीच कल्पना सुरू केली होती. किनाऱ्यावरची हॉटेले बसकी का, हेही इथे सांगायला हवे: १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरांत नवे बांधकाम रोखले आणि ग्रामीण किनाऱ्यावर २०० ते ५०० मीटरांच्या पट्ट्यात हॉटेलाला उंची ९ मीटर, दोनच मजले अशी अट घातली. पुढे अधिसूचना बदलत गेल्या, पण गोव्याच्या किनाऱ्याला रूप आले ते त्या मर्यादेत.

एका रात्रीचा हिशेब

उदाहरणादाखल दहा खोल्यांचे गेस्ट हाउस घ्या. महिना तीस दिवसांचा धरला तर ३०० रात्री विकायला आहेत. डिसेंबरात २१० रात्री सरासरी ३,००० रुपयांनी गेल्या, तर ६,३०,००० रुपये आले. जुलैत ७५ रात्री १,६०० रुपयांनी गेल्या, तर १,२०,०००. नुसता दर पाहिला तर जुलैचा दर डिसेंबरच्या निम्म्याहून जास्त आहे. पण विकायला ठेवलेल्या प्रत्येक रात्रीमागे डिसेंबरात २,१०० रुपये पडले आणि जुलैत फक्त ४००. धंदेवाले हाच आकडा पाहतात; भरलेल्या खोल्यांची टक्केवारी किंवा दर, यांतले एकेकटे काहीही फसवते.

मग जुलैत दर किती खाली न्यायचा? खोली भरल्यावरच होणारा खर्च आधी काढा: धुलाई, साबण, वीज, पाणी, नाश्ता. तो ६०० रुपये धरू. १,६०० ला विकली आणि बुकिंग संकेतस्थळाचे २० टक्के कमिशन गेले तर १,२८० उरतात, खर्च वजा जाता ६८०. तीच खोली ९०० ला दिली तर कमिशननंतर ७२०, हातात १२०. त्याच्याखाली गेलात तर पाहुणा येऊनही तोटा, कारण गादी, एसी, नळ यांची झीज अजून धरलेलीच नाही. कर्ज, पगार, घरपट्टी खोली रिकामी असली तरी द्यावीच लागते, म्हणून ६८० रुपयेसुद्धा मोलाचे आणि म्हणून पावसाळ्यात सवलती दिसतात.

जास्तीची आरक्षणे घेण्यामागे हाच हिशेब आहे. शंभर आरक्षणांतली काही नेहमी रद्द होतात किंवा माणूस येतच नाही, म्हणून मोठी हॉटेले अंदाजाने दोन-चार जास्त घेतात आणि अंदाज चुकला तर पाहुण्याला स्वतःच्या खर्चाने दुसरीकडे नेतात. दहा खोल्यांच्या जागेने हे करू नये. एवढ्या लहान आकड्यात सरासरी साथ देत नाही. लहान जागांत दुहेरी आरक्षण होते ते वेगळ्याच कारणाने: एक खोली फोनवर दिलेली असते आणि दोन संकेतस्थळांवर ती रिकामीच दिसत असते. सगळीकडचा साठा एकदम बदलणारे चॅनल मॅनेजर वापरा, ते परवडत नसेल तर नाताळच्या दिवसांत एकाच संकेतस्थळावर विक्री ठेवा.

अकराला खोली सोडणे आणि दोनला मिळणे, यामधले तीन तास साफसफाईचे. पाहुणा गेलेली खोली नीट करायला ३० ते ४० मिनिटे लागतात, आणि एक माणूस आठ तासांच्या पाळीत १२ ते १५ खोल्या करतो, कारण सगळ्या खोल्या एकाच दिवशी सुटत नाहीत. दहाच्या दहा खोल्या सकाळी सुटल्या तर एका माणसाच्याने दोनपर्यंत होणार नाही. त्या दिवशी दुसरा हात आधीच बोलावून ठेवावा लागतो. कामाचा क्रम खिडकी उघडणे, कचरा आणि चादरी बाहेर काढणे, न्हाणीघरात औषध टाकून ठेवणे, बिछाना, धूळ, मग न्हाणीघर आणि शेवटी लादी असा. औषधाला मुरायला दहा मिनिटे मिळतात, म्हणून न्हाणीघर दोन टप्प्यांत. चादरी-टॉवेलांचे किमान तीन संच लागतात: एक वापरात, एक धुलाईत, एक कपाटात. गोव्याच्या पावसात कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून चौथा संच हवाच. अर्धवट वाळलेला टॉवेल घडी करून ठेवला की त्याला कुबट वास येतो आणि तो वास साध्या धुण्याने सहज जात नाही.

पाणी, दमट हवा, खारा वारा

राष्ट्रीय इमारत संहिता तीन तारांकित दर्जापर्यंतच्या हॉटेलाला दर खाटेमागे रोज १८० लिटर पाणी धरते, चार तारांकितपासून वर ३२० लिटर. दहा खोल्या, वीस माणसे, म्हणजे रोजचे ३,६०० लिटर. नळ एक दिवस आला नाही तर टँकर मागवायला वेळ मिळावा म्हणून दोन दिवसांची, ७,२०० लिटरची साठवण ठेवा. यातले साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, आणि चार माणसांच्या घरासाठी खोदलेला शोषखड्डा ते पेलू शकत नाही. पावसाळ्यात भूजल वर आले की त्यात पाणी जिरतच नाही. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. शोषखड्ड्याचे पाणी त्यातून विहिरीकडे सरकते. विहिरीपासून किमान १८ मीटर अंतर हा भारतीय मानकाचा दंडक आहे, आणि शेजाऱ्याची विहीरही त्यात धरायची.

बंद ठेवलेल्या खोलीत गटाराचा वास येतो तो बहुतेक वेळा कोरड्या पडलेल्या सापळ्यामुळे. जाळीखालच्या वाकड्या नळीत सुमारे ५० मिलिमीटर पाणी साचून राहते आणि वायू अडवते. खोली दोन-तीन आठवडे वापरात नसली की ते उडून जाते. आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, फ्लश ओढा, आणि नळ-शॉवर पाचेक मिनिटे सोडून ठेवा. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो आणि त्यातून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गिझर किंवा सौर टाकीतले पाणी ६० अंशांवर ठेवायचे आणि आंघोळीला थंड मिसळून घ्यायचे.

बुरशीचे मूळही नीट समजून घ्या. खोलीतली आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते. १२०-१५० चौरस फुटांच्या खोलीला एक टनाचा एसी पुरतो. ‘लवकर गार व्हावे’ म्हणून दोन टनाचा लावला तर तो काही मिनिटांत थंडावा आणून थांबतो, हवेतले पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण ओलसर राहते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटे फट ठेवा. चिऱ्याच्या जुन्या भिंतींवर प्लास्टिक इमल्शन लावले की आतली ओल अडकते आणि रंग पोपडे धरतो. तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदीच टिकते. समुद्राजवळ एसीचा बाहेरचा भाग वाऱ्याच्या आडोशाला बसवा आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर मिठाने त्याच्या पत्र्या काही हंगामांतच खाल्ल्या जातात. स्टेनलेस स्टील घेताना ३०४ प्रतीऐवजी ३१६ प्रतीचे मागा. ३०४ ला खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात.

तारे आणि कागदपत्रे

तारे म्हणजे सोयींची यादी, आदरातिथ्याचा दाखला नव्हे. भारतात ते केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती देते, अर्ज ऐच्छिक असतो, दर्जा पाच वर्षांचा. त्यासाठी किमान दहा खोल्या लागतात. एक तारांकित खोली किमान १२० चौरस फूट, पाच तारांकित २००. संकेतस्थळावर पाहुण्यांनी दिलेल्या ताऱ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घरातल्या एक ते सहा खोल्यांसाठी मंत्रालयाची वेगळी बेड अँड ब्रेकफास्ट योजना आहे, तीत सुवर्ण आणि रौप्य असे दोन दर्जे.

राज्याची नोंदणी मात्र ऐच्छिक नाही. १९८२ च्या गोव्याच्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंद करायलाच हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर खरेदीच्या कराची वजावट मिळत नाही; त्यापुढे १८ टक्के. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात, २४ तासांत ऑनलाइन भरायची. एका रात्रीसाठी आलेला असो की मित्राचा मित्र म्हणून फुकट राहिलेला असो, फॉर्म चुकत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचे पान, दोन्हींचा फोटो पाहुणा दारात असतानाच घ्या. सकाळी तो किनाऱ्यावर गेला की पासपोर्ट त्याच्याबरोबर जातो.